ब्लॅकजॅकची चिप आणि महिन्याचा खर्च

कमी पैजेच्या टेबलावर ब्लॅकजॅक खेळून चार पैसे मिळवायचे आणि ते पुरावेत म्हणून हात अगदी आखडून राहायचे, ही कल्पना अधूनमधून कुणाला ना कुणाला नव्याने सुचते. वरकरणी दिसते तितकी ती खुळी नाही. रूलेटमध्ये चाकाचा मागचा फेरा पुढच्या फेऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. ब्लॅकजॅकमध्ये मात्र वाटून झालेली पाने पुन्हा पिसली जाईपर्यंत बाजूलाच राहतात, त्यामुळे उरलेल्या पानांचा कल बदलत जातो आणि तो कल ओळखणाऱ्याला थोडासा, पण खराखुरा फायदा मिळू शकतो. प्रश्न आहे तो या फायद्याच्या आकाराचा, आणि त्यातून दर महिन्याला भाडे व किराणा वजा होऊ लागला की काय उरते याचा.

या लेखातले सगळे हिशोब चिपांत केले आहेत. एक चिप म्हणजे आपण बसू त्या टेबलावरची सर्वांत लहान पैज. खोलीचे भाडे, जेवणखाण, प्रवास, औषधपाणी, फोन असा महिन्याचा सगळा खर्च एकत्र करून त्याला या किमान पैजेने भागले की आपले राहणीमान किती चिपांचे आहे ते कळते. हा आकडा बहुतेक जण काढतच नाहीत. पैज किती लावायची, टेबल कोणते निवडायचे यावर तासन्तास बोलणारी माणसेही तो काढत नाहीत, आणि सगळा मामला अखेर येऊन ठेपतो तो याच आकड्यावर.

कसिनोचा वाटा येतो कुठून

खेळ साधा आहे. आपल्या पानांची बेरीज २१ च्या जितकी जवळ जाईल तितकी न्यायची, पण २१ ओलांडायची नाही, आणि डीलरपेक्षा, म्हणजे कसिनोच्या वतीने पाने वाटणाऱ्यापेक्षा, वरचढ ठरायचे. गुलाम, राणी, राजा यांचे मोल दहा, एक्क्याचे सोयीप्रमाणे एक किंवा अकरा. डीलरला स्वतःची बुद्धी चालवण्याची मुभा नसते. ठरलेल्या बेरजेपर्यंत त्याला पाने घ्यावीच लागतात. मग कसिनोची सरशी कशी होते? आधी आपण खेळतो. आपण २१ ओलांडले की आपली चिप त्याच क्षणी जाते, आणि त्यानंतर डीलरनेही २१ ओलांडले तरी ती परत येत नाही. हा एवढा एक नियम कसिनोचे सगळे उत्पन्न पेलतो. त्याची थोडीफार भरपाई म्हणून खेळाडूला काही सवलती मिळतात: पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहा मोलाचे पान आले तर दीडपट रक्कम, सोयीच्या वेळी पैज दुप्पट करण्याची मुभा, आणि सारखी पाने आल्यास त्यांचे दोन डाव करण्याची मुभा.

कोणत्या पानांवर काय करावे याचे गणित १९५६ मध्ये अमेरिकी सैन्यात असलेल्या चार तरुणांनी, साध्या टेबलावरच्या गणकयंत्रांवर आकडेमोड करून, एका संख्याशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मैझेल आणि जेम्स मॅकडर्मॉट ही त्यांची नावे. या पद्धतीला मूळ डावपेच म्हणतात आणि त्याचा तक्ता आज कुणालाही मिळतो. तो बिनचूक पाळला तर चांगल्या नियमांच्या टेबलावर कसिनोचा वाटा लावलेल्या रकमेच्या साधारण अर्ध्या टक्क्यावर येतो. तासाला सत्तर डाव आणि प्रत्येक डावाला एक चिप धरली, तर तासाचा सरासरी तोटा सुमारे एक तृतीयांश चिप इतका होतो. तोटा लहान आहे, पण आहे तो तोटाच.

मूळ डावपेच काय करतो हे एका डावावरून पाहता येईल. आपल्या हातात दश्शी आणि छक्की, म्हणजे सोळा. डीलरचे उघडे पान राजा. पान घेतले तर सहापासून पुढचे कोणतेही पान आपल्याला बुडवते, आणि थांबलो तर बहुतेक वेळा डीलर आपल्या पुढे जातो. हिशोब केला तर दोन्ही वाटांनी शंभर चिपांमागे जवळपास चोपन्न चिपा जातात. पान घेण्यात फरक पडतो तो केसाएवढा. म्हणजे या डावपेचाचे काम जिंकून देण्याचे नसून दोन वाईट पर्यायांतला कमी वाईट निवडण्याचे आहे. हे एकदा पटले की ‘नीट खेळलो तर जिंकेन’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

आता कमी पैजेच्या टेबलाची खरी गोम. जिथे किमान पैज लहान असते, तिथे नियम बहुधा सर्वांत वाईट असतात. दीडपटीऐवजी पाच चिपांमागे सहाच चिपा देणारी टेबले पाहिली की फरक किरकोळ वाटतो. पण असा डाव साधारण बावीस डावांत एकदा हाती लागतो, आणि त्या एका बदलाने कसिनोचा वाटा आणखी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. अर्ध्या टक्क्याचा वाटा एकदम जवळपास दोन टक्के होतो. डीलरने एक्का अकरा धरून झालेल्या सतरावर थांबण्याऐवजी पान घेण्याचा नियम असेल तर आणखी ०.२ टक्के जातात. काही टेबलांवर प्रत्येक डावानंतर वापरलेली पाने परत आत घेऊन सतत पिसणारे यंत्र असते. तिथे मागच्या पानांचा उपयोगच संपतो. संगणकीय प्रणालीवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळात पाने प्रत्येक डावाला नव्याने पिसली जात असल्याने तीच गत. तेव्हा स्वस्तात खेळायला निघालेल्या माणसाला पहिला फटका बसतो तो स्वस्त टेबलाचाच.

हरलो की पैज दुप्पट करायची, ही युक्ती एवढी लोकप्रिय आहे की तिच्याबद्दल दोन वाक्ये लिहिणे भाग आहे. एक, दोन, चार, आठ असे करत सात डाव ओळीने हरले की १२७ चिपा गेलेल्या असतात, आणि बरोबरीचे डाव सोडले तर प्रत्येक डाव हरण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्तच असल्यामुळे तासाला सत्तर डाव खेळणाऱ्यावर ही वेळ सरासरीने दर दोन-तीन तासांनी येते. त्यापुढे टेबलाची कमाल मर्यादा आडवी येते ती वेगळीच.

पाने मोजणे म्हणजे नेमके काय

गणिताचे प्राध्यापक एडवर्ड थॉर्प यांनी आयबीएम ७०४ या संगणकावर आकडेमोड करून वाटून झालेल्या पानांचा परिणाम मोजला आणि १९६२ मध्ये तो पुस्तकरूपाने लोकांसमोर ठेवला. त्यामागचा विचार असा. उरलेल्या पानांत दहा मोलाची पाने आणि एक्के जास्त असतील तर ते खेळाडूच्या पथ्यावर पडते, कारण दीडपट देणारे डाव वाढतात, दुप्पट केलेल्या पैजा अधिक साधतात आणि सक्तीने पाने घेणारा डीलर अधिक वेळा बुडतो. लहान पाने जास्त उरली असतील तर उलट घडते.

आज सर्वांत जास्त वापरली जाणारी मोजणी सोपी आहे. दोन ते सहा यांतले पान दिसले की एक मिळवा. सात, आठ, नऊ सोडून द्या. दहा मोलाचे पान किंवा एक्का दिसला की एक वजा करा. समजा पत्त्यांचे सहा कॅट एकत्र पिसलेले आहेत आणि पहिल्या डावात अनुक्रमे राजा, पंजी, तिर्री, छक्की, एक्का, नव्वी आणि चव्वी अशी पाने उघडली. मनातली मोजणी अशी चालते: उणे एक, शून्य, एक, दोन, एक, एक, दोन. हाती आले अधिक दोन. पण पाच-सहा कॅट अजून शिल्लक असताना अधिक दोन म्हणजे फारसे काहीच नाही, म्हणून या बेरजेला उरलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे. दोनच कॅट उरले असताना बेरीज अधिक आठ असेल तर खरी मोजणी अधिक चार होते. खरी मोजणी एकेक पायरी चढली की खेळाडूची बाजू साधारण अर्ध्या टक्क्याने सुधारते. अर्धा टक्का तर मुळातच कसिनोकडे आहे, तेव्हा अधिक एकला बरोबरी, अधिक दोनला अर्धा टक्का आपल्या बाजूने, अधिक चारला दीड टक्का.

दहा डावांपैकी जेमतेम एक-दोन डावांत मोजणी अशी अनुकूल असते. बाकीचे आठ-नऊ डाव एकेक चिप लावून, थोडा थोडा तोटा सोसत, नुसते बसून काढायचे असतात. कमाई सगळी त्या एक-दोन डावांत, आणि तीही तेव्हा पैज सात-आठ पट वाढवली तरच. पाने मोजण्याविषयी लोकांच्या मनात जे थरारक चित्र असते त्याचा प्रत्यक्षाशी संबंध नाही. कारकुनी काम आहे हे, तेही गोंगाटात आणि तोंडावर काही न दाखवता करायचे.

तासाला एक चिप

आता पुढच्या हिशोबासाठी आकडे धरू. नियम चांगले आहेत, पुन्हा पिसण्याआधी बरीचशी पाने वाटली जातात, खेळाडू एक ते आठ चिपांच्या दरम्यान पैज लावतो आणि चुका करत नाही. अशा माणसाची सरासरी कमाई तासाला एक चिप धरू. हा आकडा मी उदारपणेच धरला आहे. यापेक्षा महत्त्वाचा आहे तो चढउतार: एका तासात निकाल या सरासरीपासून साधारण पंचवीस चिपा इकडे किंवा तिकडे जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. एक चिपेची कमाई आणि पंचवीस चिपांचा हेलकावा.

महिन्याला शंभर तास खेळल्यास सरासरी कमाई शंभर चिपा होते. चढउतार मात्र तासांच्या पटीत न वाढता त्यांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणून शंभर तासांचा चढउतार पंचवीसच्या दहापट, म्हणजे २५० चिपा. सरासरी शंभर आणि हेलकावा अडीचशे असेल तर महिनाअखेर तोट्यात असण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के निघते. एकही चूक न करता, फायद्याचा खेळ खेळूनही, दर तीन महिन्यांतला एक महिना आतबट्ट्याचा.

याच्या शेजारी दुसरा माणूस बसवा. तो पाने मोजत नाही. तक्त्याप्रमाणे खेळतो आणि प्रत्येक डावाला एकच चिप लावतो. शंभर तासांत त्याचा सरासरी तोटा ३५ चिपा आणि चढउतार सुमारे ९६ चिपा. महिनाअखेर त्याच्या फायद्यात असण्याची शक्यता किती? सुमारे ३६ टक्के. म्हणजे ज्याचा खेळ खरोखर कमाईचा आहे अशा शंभर जणांपैकी पस्तीस जण पहिल्या महिन्यात रडत असतात, आणि ज्यांचा खेळ निश्चित तोट्याचा आहे अशा शंभरांपैकी छत्तीस जण आपल्याला काहीतरी गवसले आहे अशा समजुतीत असतात. एका महिन्याच्या जमाखर्चावरून या दोघांना एकमेकांपासून ओळखता येत नाही. ‘महिनाभर खेळून पाहतो, जमले तर नोकरी सोडतो’ या बेताला म्हणूनच काही अर्थ राहत नाही. सरासरी कमाई आणि चढउतार एकमेकांच्या बरोबरीला यायला वरच्या आकड्यांनुसार ६२५ तास लागतात, म्हणजे महिन्याला शंभर तासांच्या हिशोबाने सहा महिन्यांहून जास्त. आणि तेव्हाही साधारण सहा खेळाडूंपैकी एक जण तोट्यातच असतो.

खर्च वजा केल्यावर

जुगारासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेला इथे गंगाजळी म्हणू. ती कधी ना कधी शून्यावर येण्याची, म्हणजे बुडण्याची, शक्यता काढायला एक सूत्र आहे. ते न लिहिता त्याचा परिणाम सांगतो: तासाला एक चिप कमाई आणि पंचवीस चिपांचा चढउतार असेल, तर गंगाजळीत दर २१७ चिपांची भर पडली की बुडण्याची शक्यता निम्मी होते. ५०० चिपा घेऊन बसणाऱ्याची ही शक्यता २० टक्के, तर १,००० चिपा घेऊन बसणाऱ्याची ४ टक्के.

पण हे चार टक्के आहेत ज्याचा घरखर्च दुसरीकडून भागतो त्याचे. ज्याला याच गंगाजळीतून जेवायचे आहे त्याच्यासाठी तासाची कमाई एक चिप राहतच नाही. महिन्याचा खर्च ३० चिपा असेल तर शंभर तासांवर तो वाटल्यास तासाला ०.३ चिप जाते आणि कमाई ०.७ उरते, त्याच १,००० चिपांच्या गंगाजळीची बुडण्याची शक्यता ११ टक्के होते. खर्च ६० चिपांचा असेल तर २८ टक्के. खर्च ९० चिपांचा असेल तर ७३ टक्के. खर्च १०० चिपांवर पोचला की ती शंभर टक्के होते: मग गंगाजळी कितीही मोठी असो, ती कधीतरी आटणारच, फक्त तारीख माहीत नसते.

या चार आकड्यांत काटकसरीचे सगळे म्हणणे सामावले आहे. तीसवरून साठवर गेलेला खर्च धोका अडीच पटीने वाढवतो. साठवरून नव्वदवर गेलेला खर्च तो पुन्हा तितक्याच पटीने वाढवतो. एकदा बिनचूक मोजता येऊ लागले की पुढच्या कसबाने तासाच्या कमाईत थोडीशीच भर पडते, आणि इकडे स्वस्त खोली, सोबत राहणारा भागीदार किंवा कर्जाचा एक हप्ता फिटणे एवढ्यानेच तासाला दशांशाच्या पटीत फरक पडतो. त्यामुळे कमी पैजेवर खेळणाऱ्याचा मुख्य व्यवसाय काटकसर हाच असतो आणि ब्लॅकजॅक हा जोडधंदा, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. मात्र ते उलटे वाचू नये. काटकसरीने खेळातली कमाई वाढत नाही. ज्याच्या खेळात मुळात कमाई नाही त्याने उपाशी राहून खेळले तरी तो बुडतोच, थोडा उशिरा एवढेच.

आता आपण सुरुवातीला काढलेला आकडा समोर घ्या. महिन्याचा खर्च भागिले किमान पैज. कमी पैजेच्या टेबलावर चिप लहान असते, म्हणून हाच भागाकार मोठा येतो. एकट्या खोलीभाड्यालाच पन्नास-साठ चिपा लागत असतील तर पुढचे गणित वर मांडलेलेच आहे. चिप मोठी केली, म्हणजे वरच्या टेबलावर गेले, तर खर्च कमी चिपांचा होतो हे खरे. पण मग हातातल्या रकमेत चिपाही कमीच बसतात. थोडक्या भांडवलाच्या माणसाची कोंडी होते ती अशी दोन्हीकडून.

कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

खर्च कमी करण्याच्या वाटा सारख्या मोलाच्या नसतात. दर महिन्याला न चुकता येणारा बोजा, जसे भाडे, हप्ते, वर्गणी, आधी उतरवायचा. कर्जाने उभी केलेली गंगाजळी तर सर्वांत वाईट: १,००० चिपा महिना दोन टक्के व्याजाने उचलल्या तर दरमहा २० चिपा निव्वळ व्याजात जातात, म्हणजे चांगल्या खेळाडूच्या सरासरी कमाईचा पाचवा हिस्सा, आणि व्याज वाईट महिन्यातही थांबत नाही.

टेबलावरचे किरकोळ खर्च दिसत नाहीत, म्हणून ते जास्त बाधतात. डीलरला तासाला अर्धी चिप बक्षिसी दिली तर महिन्याच्या ५० चिपा होतात, म्हणजे जवळपास एका खोलीचे भाडे. बाजूच्या चौकोनात लावायच्या जादा पैजांवर कसिनोचा वाटा मुख्य खेळाहून कितीतरी मोठा असतो. तिथे एक चिपही ठेवायची नाही. कसिनोकडून मिळणाऱ्या फुकट जेवणाचे कौतुक फार होते, पण त्याचाही हिशोब असतो: आपली सरासरी पैज, तासाचे डाव आणि कसिनोचा वाटा यांचा गुणाकार करून आपण किती हरणे अपेक्षित आहे ते काढले जाते आणि त्याचा काही भाग सवलतीच्या रूपाने परत केला जातो. एक-दोन चिपा लावणाऱ्याच्या वाट्याला त्यातून येणार ते किती? मिळाले तर घ्यावे; त्यासाठी एक तास जास्त बसणे म्हणजे जेवण विकत घेणेच.

जिथे वाचवू नये त्यात पहिली येते झोप. स्वस्त म्हणून इतकी दूरची खोली घेतली की येण्याजाण्यात तीन तास मोडतात, किंवा गाडीतच रात्र काढली, तर वाचलेल्या चिपा दुसऱ्या दिवशी टेबलावर परत जातात. दुसरी गोष्ट म्हणजे हाताशी ठेवायचा घरखर्च; तो नसला की काय घडते ते नीट पाहण्यासारखे आहे. खरी मोजणी अधिक चार आहे, समोर आठ चिपांची पैज लागलेली आहे, हातात सत्ती आणि चव्वी, म्हणजे अकरा, आणि डीलरचे पान छक्की. तक्ता सांगतो की पैज दुप्पट करा. असे डाव फार येत नाहीत. महिनाभराची कमाई अशाच थोड्या डावांत दडलेली असते. पण खोलीचे भाडे परवा द्यायचे आहे आणि खिशातले मोजून उरले आहे, अशा माणसाचा हात दुसऱ्या आठ चिपा पुढे सरकवायला धजत नाही. तो नुसते पान मागतो. राणी येते, एकवीस होतात, तो जिंकतोसुद्धा, आणि आपण सांभाळून खेळलो याचे त्याला समाधान वाटते. प्रत्यक्षात दुप्पट न केल्यामुळे त्या निर्णयाची सरासरी किंमत पैजेच्या एक तृतीयांश, म्हणजे जवळजवळ पावणेतीन चिपा होती. तीन तासांची कमाई एका कचरण्यात गेली, आणि डाव जिंकल्यामुळे ती गेल्याचे कळलेही नाही.

घरखर्चाचा डबा आणि गंगाजळीचा डबा वेगळा ठेवा असे सांगतात, ते यासाठी. गणिताच्या दृष्टीने दोन्ही डब्यांतले पैसे आपलेच. वेगळे ठेवल्याने एकही चिप वाढत नाही. पण सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे हे ठाऊक असलेला माणूस अकरावर दुप्पट करतो, आणि तो डबा नसलेला करत नाही. पैसे तेच, वागणे वेगळे, आणि या खेळात कमाई वागण्यातूनच येते. घरखर्चाच्या डब्यात हात जाऊ लागला, किंवा हरलेले भरून काढण्यासाठी मोजणी प्रतिकूल असतानाही पैज वाढू लागली, की हा उद्योग हिशोबातून निघून व्यसनाच्या वाटेला लागला असे खुशाल समजावे.

किमान पैजेची जमीन

बेल प्रयोगशाळेत काम करणारे जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलेला एक नियम मोजणी करणारे वापरतात. त्याचा आशय असा की पैज आपल्या गंगाजळीच्या आणि त्या वेळच्या फायद्याच्या प्रमाणात ठेवावी; गंगाजळी घटली की पैजही घटवावी. एक टक्का फायदा असताना १,००० चिपांच्या गंगाजळीतून या नियमाने सात-आठ चिपा लावता येतात, आणि सावध माणूस त्याच्याही निम्म्याच लावतो. प्रत्येक पैज अशी घटवत नेता आली तर तत्त्वतः माणूस बुडतच नाही. पण जो आधीच सर्वांत लहान पैजेच्या टेबलावर बसला आहे त्याला खाली उतरायला पायरीच नसते. गंगाजळी ५०० झाली, ३०० झाली, तरी एक चिप ही एक चिपच राहते आणि जेवणाचा खर्चही तेवढाच.

कसिनोचे डोळेही या हिशोबात धरावे लागतात. नुसत्या डोक्याने पाने मोजणे हा अमेरिकेत गुन्हा नाही. मोजणीसाठी यंत्र वापरण्याला नेवाडा राज्यात १९८५ पासून बंदी आहे. मात्र तिथले कसिनो खासगी मालमत्तेच्या अधिकारात मोजणाऱ्याला उठवू शकतात. न्यू जर्सीत केन उस्टन या खेळाडूच्या खटल्यात १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसिनोंना केवळ मोजणीवरून कुणाला स्वतःहून बंदी घालता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा कसिनोंनी जास्त कॅट वापरून आणि पाने लवकर पिसून तोच हेतू साधला. लहान पैजेच्या खेळाडूकडे फारसे कुणी लक्ष देत नाही, हा त्याचा एक फायदा. पण एकच चिप लावणारा माणूस अचानक आठ चिपा लावू लागला की तोही नजरेत भरतो. उठवले गेल्यावर दुसरे टेबल, दुसरे शहर, नवे भाडे, आणि न खेळलेले तास. खर्च तोच राहतो आणि तास शंभराचे सत्तर होतात. ६० चिपांचा खर्च सत्तर तासांवर वाटला की तासाची निव्वळ कमाई ०.४ वरून सुमारे ०.१४ वर येते. चांगल्या नियमांचे टेबल बंद होऊन पाचाला सहा देणारे टेबल तेवढे उरले, तर सरासरी दोन चिपांच्या पैजेवर तासाला आणखी दोनेक चिपा जातात, म्हणजे कमाईचा खेळ सरळ तोट्याचा होतो; अशा वेळी न बसणे हीच त्या तासाची सर्वांत मोठी बचत.

मला विचाराल तर, हे करूनच पाहायचे असेल त्याने पोट दुसऱ्या कामावर ठेवावे आणि गंगाजळीला जेवणासाठी हात लावू नये. निदान परतीची खूण तरी आधी ठरवून ठेवावी. समजा १,००० चिपांनी सुरुवात केली आणि वाईट दिवसांच्या रेट्यात ३०० उरल्या. महिन्याला ६० चिपा काढत तसेच खेळत राहिले तर इथून बुडण्याची शक्यता ६८ टक्के आहे. त्याच दिवशी पगाराचे काम धरले, खर्च त्यातून भागवला आणि मोकळ्या तासांत तोच खेळ, त्याच पैजांनी, खेळला तर ती ३८ टक्क्यांवर येते. दरमहा पगारातून थोड्या चिपा गंगाजळीत टाकता आल्या तर आणखी खाली. टेबल तेच, पाने तीच, मोजणीही तीच.